लहान मुलं असलेल्या घरात भाजीपाल्यावरची कीड कशी आवरावी

वाफ्यातला टोमॅटो मूल धुवून खाईल अशी खात्री कुणी देऊ नये. ते तोडतं, सदऱ्याला पुसतं आणि तोंडात टाकतं. त्यामुळे परसबागेतल्या प्रत्येक उपायाला एकच कसोटी लावायची: मुलानं हे पान आत्ता चावलं तर काय होईल?

आधी घरातलं काय टाकून द्यायचं ते बघा

‘घरगुती’ आणि ‘सेंद्रिय’ म्हटलं की आपण निर्धास्त होतो, आणि घोळ इथंच होतो. तंबाखूचा काढा घरगुतीच, पण त्यातलं निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणूरोग लागू शकतो, म्हणजे दुहेरी तोटा. दहा झाडांची पानं आंबवून केलेल्या दशपर्णी अर्कात बहुतेक जण धोतरा, कण्हेर, रुई अशी विषारी झाडं घालतात. शेतावर ठीक आहे, पण रांगतं मूल असलेल्या घरात त्याची बादली महिनाभर आंबत ठेवायला माझा साफ विरोध आहे. मिरची-लसणाच्या फवाऱ्यानं वाऱ्याच्या दिवशी डोळ्यांची आग होते. कुंडीत टाकलेल्या डांबर गोळ्या मुलांना पेपरमिंटसारख्या दिसतात आणि मुंग्या-झुरळांचा खडू पाटीवरच्या खडूसारखा. हे सगळं बागेतून बाद.

शेतासाठी आणलेलं उरलंसुरलं कीटकनाशक तर मुळीच वापरू नका. मोनोक्रोटोफॉस या शेतीतल्या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून हेच पोटात जाऊन 23 मुलं दगावली.

पानं उलटून बघा

सकाळी चहाच्या वेळी चार पानं उलटायची सवय लावा. कीड बहुधा खालच्या बाजूला असते. कोवळ्या शेंड्यावर हिरवा-काळा थर आणि हाताला चिकटपणा लागला तर मावा. झाड हलवल्यावर पांढरं भुरभुर उडालं तर पांढरी माशी. पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी. तेवढं पान तोडलं की झालं.

माव्यात लांबट, करड्या-काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरताना दिसल्या तर त्यांना मारू नका. ती चित्रांगी ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं असतात आणि मावा फस्त करतात. अशा झाडावर आठवडाभर काहीही फवारायचं नाही. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर मात्र ती तोडायला हवी. माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या या मित्रकिड्यांना हुसकावतात. कुंडी विटांवर ठेवून त्या विटा पाण्याच्या ताटलीत ठेवा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाकून नवं भरा, नाहीतर डासांची पैदास व्हायची.

हातानं होतं ते हातानं करा

मावा पाण्याच्या जोरदार धारेनं निम्मा उतरतो. कोबीवरची अंडी, टोमॅटोवरच्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. मुलांना हे काम भलतंच आवडतं, पण केसाळ अळीला हात लावायचा नाही हे आधी बजावा. शेवग्यावर पावसाळ्यात या अळ्यांचे थवे बसतात आणि अंगाला लागल्या की खाज-पुरळ उठतं. त्या मोठ्यांनी, चिमट्यानं काढाव्यात.

वांग्याचा एखादाच शेंडा भर पाण्यातही मान टाकून असेल तर तो कोमेजलेल्या भागाच्या खाली बोटभर अंतरावर कापा आणि उभा चिरा. आत पोकळ दांड्यात विष्ठा आणि गुलाबीसर अळी सापडेल. हीच अळी पुढे फळात शिरते, आणि एकदा आत गेली की कुठलाच फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. वांग्यावर सर्वांत गुणकारी हत्यार कात्रीच.

कीड येऊच नये म्हणून

पालक, मेथी, कोबीवर जुन्या मच्छरदाणीची जाळी कमानीवर ताणा. काकडी-दोडक्याला फुलं आल्यावर जाळी नको, मधमाश्या अडतात. तिथं फळ बोटाएवढं झालं की कागदी पिशवीत बांधा. फळमाशीला डंख मारायला जागाच उरत नाही. गळलेली, किडकी फळं खताच्या खड्ड्यात न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. टोमॅटोच्या कडेला झेंडू लावा. रोप टोमॅटोच्या दोन-तीन आठवडे आधी तयार करा, म्हणजे फुलं एकाच वेळी येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो. पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून झाडाच्या उंचीवर टांगा, मुलांचा हात पोहोचणार नाही असा. वेलाच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगेरे आले तर पहाटेच्या दवावर चाळलेली राख भुरभुरा.

एवढं करूनही भागलं नाही तर फवारा

मावा, पांढरी माशी अशा मऊ अंगाच्या किडीला साधं साबणाचं पाणी पुरतं: लिटरला चमचाभर सौम्य द्रवसाबण. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

अळ्यांसाठी 5 टक्के निंबोळी अर्क. पावसाळ्याच्या तोंडाला पडणाऱ्या निंबोळ्या गर काढून सावलीत वाळवा. 50 ग्रॅम बिया भरड कुटून रात्रभर अर्धा लिटर पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळा, पाणी घालून एक लिटर करा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून फवारा. उन्हात त्यातला कडू घटक लवकर निकामी होतो. अळी लगेच मरत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं, तेव्हा दोन दिवसांत घाई करू नका. खायची भाजी आधी तोडून घ्या, मग फवारा, आणि पानं वाळेपर्यंत मुलांना बागेत सोडू नका.

कडुनिंबाचं तेल विकत आणत असाल तर ते औषधाच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवा. तान्ह्या मुलांच्या पोटात ते गेल्यावर झटके येऊन बेशुद्ध पडल्याच्या, दगावल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. शीतपेयाच्या बाटलीत तर ते कधीच ओतून ठेवायचं नाही, मूळ बाटलीतच राहू द्या. मुलानं ते प्यायलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की त्या झाडावर कष्ट वाया घालवू नका. तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू आहे, त्यावर औषध नाही. उपटा, लांब नेऊन पुरा, आणि बाजूच्या झाडांची पानं त्याच दिवशी उलटून बघा.