टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू करण्याआधी : या चुका टाळा

निफाडच्या माझ्या मामींचा टीबी १२ वर्षांपूर्वी बरा झाला होता. गेल्या पावसाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला, वरच्या बाजूला डाग दिसला आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. थुंकी तपासलीच नाही. तीन महिने झाले तरी रक्त थांबेना. नाशिकला सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं, जुन्या टीबीनं फुप्फुसात पाडलेल्या पोकळीत ॲस्परजिलस या बुरशीचा गोळा तयार झाला होता.

डाग दिसला म्हणजे टीबीच, असं धरून चालू नका. थुंकीत टीबीचे जंतू आहेत का ते सांगणारी सीबीनॅट तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. साध्या स्लाइडवर जंतू दिसले तरी ते टीबीचेच असतील असं नाही. माती-पाण्यात राहणारे त्याच कुळातले जंतू हुबेहूब तसेच दिसतात, त्यांची औषधं मात्र वेगळी. म्हणून कल्चर, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी लागते. पण शंका आली म्हणून चालू गोळ्या मनानं बंद करू नका.

ऑपरेशनला नको इतकं घाबरणं ही दुसरी चूक. बुरशीच्या गोळ्यापर्यंत औषध नीट पोचत नाही. रक्त पडत असेल आणि फुप्फुसांची ताकद पुरेशी असेल, तर तेवढा भाग काढणं हा खरा इलाज. ताकद कमी असेल तर रक्तवाहिनी आतून बंद करून रक्त थांबवतात, पण ते पुन्हा सुरू होऊ शकतं. काहीच त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

सिन्नर-येवल्याकडे मेंढ्या आणि राखणीची कुत्री सांभाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कुत्र्याच्या पोटातल्या फीतकृमीची अंडी आपल्या पोटात गेली, तर फुप्फुसात पाण्याची गाठ होते. तिला हायडॅटिड म्हणतात. ती फुटली की खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे खोकल्यातून पडतात. मेंढ्या-कुत्र्यांचा संबंध डॉक्टरांना आधीच सांगा, कारण अशा गाठीत सुई घातली आणि पाणी आत सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते. गाठ ऑपरेशननं जपून काढावी लागते.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो शेवटच्या चुकीनं. ऑपरेशन होतं, तुकडा निघतो आणि सगळाच्या सगळा फॉर्मेलिन या तुकडा टिकवणाऱ्या औषधात जातो. फॉर्मेलिननं जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काही वाढत नाही. बायोप्सीत 'ग्रॅन्युलोमा', म्हणजे सुजेच्या पेशींची बारीक गाठ, असा रिपोर्ट येतो. पण ग्रॅन्युलोमा टीबीत होतो, तसाच काही बुरशींतही होतो. एवढी छाती उघडून प्रश्न तिथंच राहतो! आपल्याकडे बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात देतात, म्हणून आदल्या दिवशीच सर्जनना विचारा : एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये बायोप्सीला आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये टीबी व बुरशीच्या कल्चरला जाणार ना? सलाइनची बाटली रात्रभर घरी ठेवू नका.

मामींच्या वेळी थिएटरबाहेर मला दोन बाटल्या मिळाल्या. सलाइनची मी आधी पोचवली, तासाभराच्या आत.