घाऊक बँडविड्थ घेताना या चुका टाळा

बँडविड्थचा, म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेचा, प्रति एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) दर घासाघीस करून खाली आणला की सौदा जिंकला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पैसे गळतात ते मोजणीच्या पद्धतीतून आणि कराराच्या मुदतीतून.

बिल अचानक फुगलंय? आधी ९५ पर्सेंटाइलचं गणित तपासा. वापराची नोंद सहसा दर पाच मिनिटांनी होते, म्हणजे ३० दिवसांत ८,६४० नोंदी. सर्वांत वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून देतात आणि त्यांच्या खालच्या नोंदीवर बिल लावतात. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. लिंक भरून टाकणारा डेटाचा बॅकअप रोज एक तास चालला, तर महिन्याचे ३० तास होतात आणि इतर वेळी वापर कमी असेल तर तो बिलात दिसतही नाही. तोच रोज सव्वा तास रेंगाळला की साडेसदतीस तास होतात आणि आख्ख्या महिन्याचं बिल त्या शिखरावर निघतं. पंधरा मिनिटांची ही किंमत! पुरवठादाराशी वाद घालायचा तर पाच मिनिटांच्या मूळ नोंदी हाताशी ठेवा. मॉनिटरिंगची बरीच सॉफ्टवेअर जुन्या नोंदींची सरासरी काढतात, त्यात शिखरं बोथट होतात आणि तुमचा आकडा कमी दिसतो.

दुसरी चूक मुदतीची. बँडविड्थ साठवून ठेवता येत नाही. आज न विकलेली क्षमता आज संपली. शिवाय दोन्ही टोकांची उपकरणं बदलली की त्याच जुन्या फायबरमधून कितीतरी जास्त डेटा जातो. पुरवठा असा उड्या मारत वाढतो आणि दर घसरतात. म्हणून तीन वर्षांच्या करारात दरवर्षी दर फेरतपासण्याचं कलम नसेल, तर सही करू नका. पुढे कधीतरी लागेल म्हणून आजच मोठं कमिट (किमान वापराची हमी) घेणं तर निव्वळ उधळपट्टी.

आयआरयूचे, म्हणजे दुसऱ्याच्या केबलमधली क्षमता दीर्घकाळ वापरण्याचे, हक्क १५-२० वर्षांचे असतात आणि रक्कम बहुधा आगाऊ जाते. देखभालीचा वार्षिक खर्च वेगळा, हे विसरलं जातं. मालक बुडाला तर हक्काचं काय, हेही करारात वाचा. ग्लोबल क्रॉसिंगसारखी जगभर जाळं असलेली कंपनी जानेवारी २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली होती.

बँडविड्थ हा सगळीकडे सारखाच माल आहे, असंही समजू नका. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीने १९९९ मध्ये गॅस आणि विजेसारखी तिची खरेदी-विक्री सुरू केली. तो धंदा टिकला नाही. स्वस्त लिंक तुमच्या डेटा सेंटरऐवजी दुसऱ्याच इमारतीत संपत असेल, तर क्रॉस-कनेक्ट (इमारतीच्या आतली जोडणीची केबल) आणि शेवटच्या टप्प्याचा खर्च बचत खाऊन टाकतो.

दोन कंपन्यांकडून लिंक घेतल्या म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालेलच, हा समजही महागात पडतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ भूमध्य समुद्रात सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन वेगळ्या केबल एकाच दिवशी तुटल्या. जमिनीवर तर दोघांचं फायबर एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) जात असू शकतं. दोन्ही मार्गांच्या केएमझेड (नकाशावर मार्ग दाखवणाऱ्या) फाइल मागवा आणि नकाशावर एकावर एक ठेवून बघा. द्यायला टाळाटाळ झाली, तर मार्ग एकच आहे असं धरून दर ठरवा.