संग्रहालयात व्हिडिओ कला आणताना

पहिली खरेदी प्रोजेक्टरची नको, करारापासून सुरुवात करा. कलाकृतीच्या मर्यादित प्रतींपैकी आपली कितवी, पडदा किती मोठा, आवाज स्पीकरवर की हेडफोनवर, जुना टीव्ही बंद पडला तर एलसीडी चालेल का, हे कलाकाराकडून लेखी घ्या. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दक्षिण कोरियात व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक यांची १,००३ टीव्हींची १९८८ची मांडणी २०१८मध्ये बंद ठेवावी लागली. दुरुस्ती होऊन ती २०२२मध्ये पुन्हा सुरू झाली.

फाइल दोन प्रकारची मागा: जतनासाठी प्रोरेस ४२२ एचक्यू (कमी दाबलेला, मोठ्या फाइलचा व्हिडिओ प्रकार), दाखवण्यासाठी एच.२६४ (जास्त दाबलेला, लहान फाइलचा). फुल एचडीत, सेकंदाला २५ फ्रेमने, प्रोरेसचा एक तास साधारण ८३ जीबी होतो. मूळ फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. फाइल हाती येताच चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून नोंदवा आणि दरवर्षी ताडून पाहा. नाहीतर फाइल बिघडल्याचं थेट उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळतं. डीव्हीडीला मूळ प्रत मानू नका.

रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस म्हणजे वर्षाला सुमारे २,५०० तास. दिव्याचा प्रोजेक्टर तेवढ्यात दिवा मागतो, म्हणून लेझरच घ्या. भिंतींना मॅट गडद रंग, दाराशी वळणाची वाट आणि जाड पडदा. शेजारच्या दालनात आवाज झिरपतो तो बहुधा छताच्या पोकळीतून, तेव्हा भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न्या.

प्लेअर वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा हवा. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होतो त्या सांध्यावर पडदा क्षणभर काळा होतो का, हे दालनातच बसून तपासा.