सायलेन्सरची घुमघुम: लांबच्या राइडसाठी काय केलं

रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला कंपनीचा काढून बाजारातला सायलेन्सर लावला की ताशी ८० च्या आसपास तो घुमायला लागतो, दोन तासांत डोकं उठतं. आधी डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसणारी, आवाज कमी करणारी नळी) परत बसवला. त्याच्या बोल्टला स्टीलची तार बांधली. साधं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) त्या उष्णतेत टिकत नाही आणि बोल्ट रस्त्यातच गळतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट येत होतं, म्हणजे सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत होती. जोडातली जुनी गॅस्केट (फट बंद करणारी चकती) खरवडून नवी घातली. सायलेन्सरच्या आतली, आवाज शोषणारी ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) काळी, भुगा झालेली. हातमोजे घालून बदलली. फार ठासू नका, आवाज शोषला जात नाही. वाऱ्याच्या आवाजासाठी फोमचे इअरप्लग हवेतच: बारीक वळा, कान वर-मागे ओढून घाला, ३० सेकंद धरा.