जुन्या ४०७ चे पुढचे पाटे घरी बदलायचे असतील तर

टाटाची ४०७, म्हणजे छोटा मालवाहू ट्रक, आली १९८६ साली, आणि अजूनही पंचवीस-पंचवीस वर्षं झालेल्या ४०७ कांदा, विटा, खत वाहताना रोज दिसतात. आमची पण त्यातलीच. पाट्यांनी (एक्सलवरच्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांनी) वयोमानाने मान टाकली, गाडी डावीकडे झुकायला लागली, खड्ड्यात गेली की खालून खाडकन आवाज. गॅरेजला आठवड्याची रांग आणि इकडे कांदा काढून पडलेला, म्हणून मी आणि मामेभावाने अंगणातच काम काढलं. एका दिवसात उरकेल असं धरलं होतं, लागले तीन दिवस, आणि त्यातला बराचसा वेळ फक्त गंजलेले बोल्ट सोडवण्यात गेला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी दोष नक्की पाट्यांचाच आहे का ते बघा. दोन्ही टायरची हवा सारखी करा, गाडी रिकामी करून सपाट जागेवर लावा आणि दोन्ही बाजूंना एक्सलपासून चासीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. फरक असेल तर टॉर्च घेऊन प्रत्येक पाटा बघा, तडा बहुतेक सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी नाहीतर डोळ्याजवळ (पाट्याच्या टोकाला गोल वळवलेल्या भागाजवळ) असतो आणि तिथे गंजाची लालसर रेघ दिसते. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन (जिच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन). किंगपिनचं काम घरी करू नका, नवीन बुशला (पिन ज्यात बसते त्या नळीला) रीमर फिरवून भोक मापात आणावं लागतं आणि ते लेथवाल्याकडेच नीट होतं.

सामान गाडी खोलायच्या आधी आणा. पाटे दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एकच बाजू नवीन केली तर गाडी आता दुसरीकडे झुकेल. यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) दर बाजूला दोन असे चार, नवीनच, नटांसकट. जुने ताणलेले असतात, ते परत कसले तरी पकड राहत नाही. सोबत सेंटर बोल्ट, शॅकल पिना (पाट्यांची टोकं चासीला जोडणाऱ्या), बुश आणि ग्रीस. दुकानात "४०७ चे द्या" एवढंच म्हणू नका, मॉडेलप्रमाणे मापं बदलतात. पाट्याची रुंदी, जाडी, यू-बोल्टचं आतलं माप आणि लांबी लिहून न्या. आम्हाला दुकानदाराने दिलेले यू-बोल्ट एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी निघाले, आणि ते कळलं कधी तर गाडी खोलून ठेवल्यावर, परत तालुक्याला चक्कर. एका सुताने अख्खा दिवस खाल्ला, त्याचा राग अजून आहे.

आदल्या रात्री सगळे नट-बोल्ट तारेच्या ब्रशने घासून त्यावर गंज सोडवायचं तेल मारा, सकाळी परत मारा. घाईत हे टाळलं की पुढे बोल्टचं डोकं तरी गोल होतं नाहीतर बोल्ट मधेच तुटतो.

आता गाडी उचलणं, आणि इथे मी हात जोडून सांगतो, विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक खाली लावू नका, ते न सांगता फुटतात. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा (काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, आधी तपासा, उगाच उलट्या दिशेने जोर लावून स्टड तुटायला नको). बाटली जॅक किमान ५ टनी घ्या. मजबूत स्टँड चासीखाली लावा, एक्सलखाली नाही, कारण एक्सल आपल्याला खाली घ्यायचा आहे. मातीचं अंगण असेल तर स्टँडखाली जाड फळी हवीच, आमचा एक स्टँड बोटभर रुतला तेव्हा काळजात धस्स झालं. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही.

चाक काढा, एक्सलला खालून जॅकचा आधार द्या, शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) खालून सोडा. यू-बोल्टचे नट हलत नसतील तर ग्राइंडरने सरळ कापा, ते तसेही भंगारातच जाणार आहेत. त्याआधी पाटा आणि एक्सलच्या मधे पाचर असेल तर तिची जाड बाजू कुठे आहे ते रंगाने मार्क करा, उलटी बसली तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

खरी डोकेदुखी शॅकल पिनची. आम्ही घणाने ठोकून ठोकून दमलो, पिन जागची हलेना, मग चिखल खरवडल्यावर दिसलं की पिनेला आडवा लॉक बोल्ट आहे. तो काढल्याशिवाय पिन येणारच नाही, म्हणून आधी सगळं खरवडून बघा. ग्रीस निपलही आधी काढून घ्या. तरी अडली तर ब्रॅकेट गरम करा पण ब्रेकचा होज आणि डिझेल पाइप लांब बांधून, पाण्याची बादली जवळ ठेवून. पाट्याला मात्र आच लागू देऊ नका आणि तडा गेलेला पाटा वेल्डिंग करू नका, स्प्रिंगच्या पोलादाचा पाणी दिलेला गुण उष्णतेने जातो आणि पाटा वेल्डिंगच्या शेजारीच परत तुटतो. जुने पाटे ठोकून कमान देऊन मिळतात, स्वस्त पडतं, पण भरून चालणाऱ्या गाडीला ते लवकर बसतात असं माझं मत.

एक्सल हळूहळू खाली घेऊन पाट्यांचा जुडगा दोघांनी मिळून काढा. सेंटर बोल्ट सोडायच्या आधी दोन्हीकडे सी-क्लॅम्प आवळा, पाटे ताणात असतात आणि उसळले तर हात जाईल. बसवताना पाट्यांमधे ग्रॅफाइट ग्रीस लावा, सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बरोबर बसलंय का ते बोट लावून बघा, नाहीतर एक्सल तिरका राहतो आणि टायर खातो. यू-बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण कसून मग दुसरा असं नको. रबरी बुश असतील तर पिना शेवटच्या कसायच्या त्या चाक लावून गाडी जमिनीवर आल्यावर, लोंबत्या एक्सलवर कसल्या तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. धातूचे बुश असतील तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारा.

मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेक होज कुठे ताणला जातोय का घासतोय का ते बघा, रिकामी गाडी गावातल्या गावात फिरवून आणा, ब्रेक मारून बघा, आणि अलाइनमेंट करून घ्या. शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत कसा, आणि पहिली भरलेली खेप उतरवली की पुन्हा एकदा. आमचे त्या वेळी आठही नट पाव-पाव फेरा फिरले.