घरच्या घरी शिवण: परकरापासून कुर्त्यापर्यंत

शिवायला नव्याने बसणारी बहुतेक मंडळी पहिलं कापड आणतात ते ब्लाऊजचं. तो खरं तर सगळ्यात शेवटी शिवायचा. ब्लाऊज अंगाला धरून बसतो, त्यात टक (आकारासाठी शिवलेल्या चुण्या), हुकपट्टी, अस्तर. पाव इंच इकडचा तिकडं झाला तरी काखेत चुणी पडते, आणि ती कुठल्या टिपेमुळे पडली हे नवख्या हाताला उमगत नाही. आधी उशीचे अभ्रे, मग परकर, मग सरळ कुर्ता असं जा. अभ्र्यावर सरळ टीप बसते, परकरात तिरकस कापड कळतं, कुर्त्यात गळा आणि बाही. एका कपड्यात एकच नवी अडचण असली की चूक सापडते. ती बहुतेक वेळा कापड बेततानाच झालेली असते, मशीनला उगाच बोल लागतो.

मशीन नवंच हवं असं नाही. मराठवाड्यात कितीतरी घरांत आईचं नाहीतर मावशीचं काळं, पायाचं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असतं. सरळ टीप ते उत्तम मारतं आणि भर उन्हाळ्यात लाईट गेली तरी काम थांबत नाही. बरीच वर्षं बंद असलेलं मशीन काढलं की आधी सुईखाली कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साचलेला भुगा ब्रशने काढा, शटल (खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते तो भाग) मोकळं करा, मग तेलाच्या प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. घरात आहे म्हणून खोबरेल घालू नका. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि परभणीकडची जानेवारीतली पहाट त्याच्या कितीतरी खाली असते. मशीन जड चालायला लागतं आणि दोष पट्ट्याला दिला जातो. पट्टा खरंच सैल होऊन चाकावर घसरत असेल तर अर्धा इंच कापून तारेची कडी पुन्हा लावा. फार ताणू नका, पोटऱ्या भरून येतात.

पायाचा ताल बसेपर्यंत दोरा ओवायचाच नाही. वहीचा रेघी कागद फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, धरून रेघेवर सुई चालवा, मग कोपरे, मग वाटी ठेवून काढलेले गोल. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. उलटं फिरलं की दोरा शटलमध्ये गुंतून बसतो. कागदावर सुई बोथट होते, म्हणून या सरावाला जुनी सुई लावा.

सुईचा नंबर कापडावर ठरतो: मलमलीला ११, पॉपलिन-केंब्रिकला १४, जाड खादीला १६, जीन्सला १८. दुकानात सुई मागताना मशीन घरगुती आहे हे सांगा. घरगुती मशीनच्या सुईच्या दांड्याला एक बाजू सपाट असते, कारखान्यातल्या मशीनची सुई गोल दांड्याची असते आणि ती इथे चालत नाही. सुई कुठल्या बाजूने ओवायची यात नवखे हमखास अडकतात. सुईला एका अंगाने लांब खाच असते, दोरा त्या खाचेच्या बाजूने आत घालायचा. कुठलंही मशीन असो, हे बदलत नाही.

टीप बिघडली की टेन्शनचा (दोऱ्याच्या ताणाचा) स्क्रू पिळायची घाई नको. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली तर दोष वरच्या दोऱ्याचा असतो, वर फासे दिसले तर बॉबिनचा. वरचा दोरा बहुधा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो, कारण तो फूट खाली असताना ओवलेला असतो. फूट उचलला की चकत्या उघडतात, तेव्हाच दोरा आत जातो. म्हणून आधी सगळं काढून, फूट वर करून पुन्हा ओवा. मग सुई बदला. तरीही सुधारलं नाही तरच स्क्रूला हात लावा, तोही पाव फेरा. सुती कापडाला इंचात १० ते १२ टाके ठेवा.

बाकी सामान थोडंच लागतं: नऊ-दहा इंची कात्री (तिने कागद कापायचा नाही, घरात सगळ्यांना बजावून ठेवा), टेप, खडू, टाचण्या, टीप उसवायचं रिपर आणि इस्त्री. पैसे कमी असतील तर कात्री चांगली घ्या आणि रीळ तरी बरं घ्या. स्वस्त दोरा मशीनमध्ये पिंजतो आणि टीप तुटत राहते.

आता कापड. छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी असो की लातूरची गंजगोलाई, सरावासाठी आधी मांजरपाट (जाडंभरडं कोरं सुती कापड) मागा. ते स्वस्त असतं, सुळसुळत नाही, आणि त्याचा उभा-आडवा धागा डोळ्याला स्पष्ट दिसतो. कटपीसही चालतात, पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घ्या. ३६ इंची पन्ह्यावर ४४चा हिशेब लावला की परकराची कळी (वर अरुंद, खाली रुंद असा तुकडा) नाहीतर बाही कमी पडते. दुकानदार कापड मीटरवर देतो आणि बेत इंचात होतो, म्हणून एक मीटर म्हणजे ३९.३७ इंच हे पाठ असू द्या. टेपच्या एका अंगाला इंच असतात, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर. माप घेताना टेप उलटा झाला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

कापड आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, थोडं ओलसर असताना इस्त्री करायची. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं. न भिजवता शिवलेला कुर्ता पहिल्याच धुण्यानंतर आखूड होतो, शिवाय पॉलिस्टरचा दोरा आटत नसल्याने टिपेच्या कडेने चुण्या येतात. भिजवून झाल्यावर आडवा एक धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापड सरळ करून घ्या. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेली कड क्वचितच सरळ असते, फाडून दिलेली धाग्यावर असते. धागा तिरका राहिला की धुतल्यावर कुर्त्याची बाजूची शिलाई पोटावर सरकते, आणि मग कितीही उसवा, ती जागेवर येत नाही.

सहा कळ्यांचा परकर

उंची ३८ इंच, सीट (नितंबांचा घेर) ४० इंच धरून बेतू. वरचा नेफा (नाडी ओवायची पट्टी) २ इंच, म्हणजे कळी तयार ३६ इंचांची. वर अर्धा इंच माया (शिलाईत जाणारं जादा कापड), खाली १ इंच दुमड, म्हणून कापायची लांबी साडेसदतीस. सीटमध्ये २ इंच सैलपणा मिळवून ४२, भागिले सहा म्हणजे ७. दोन्ही बाजूंची अर्धा-अर्धा इंच माया धरून कळीची वरची रुंदी ८ इंच. खालची १४ घ्या.

आठ आणि चौदा मिळून बावीस होतात, म्हणजे ४४ पन्ह्याचा बरोबर निम्मा. म्हणून कापड पन्ह्यात दुहेरी करून २२ बाय साडेसदतीसचा चौकोन आखायचा. वर डावीकडून ८ वर खूण, खाली डावीकडून १४ वर खूण, दोन्ही जोडून तिरकी रेघ, आणि तीवर कात्री. एक कळी सुलटी, दुसरी उलटी निघते. दुहेरी कापडात अशा चार झाल्या. उरलेल्या दोन पुढच्या साडेसदतीस इंचांतल्या अर्ध्या पन्ह्यातून काढा. राहिलेल्या अर्ध्यातून नेफ्यासाठी २२ बाय ५ च्या दोन पट्ट्या. त्या जोडल्या की ४३ इंच भरतात, आणि दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दुमडली की नेमके ४२.

एकूण ७५ इंच लागले. दोन मीटरमध्ये जवळजवळ ७९ इंच असतात, त्यामुळे पुरेल असं वाटतं. पण ते ५ टक्के आटलं तर ७५ सुद्धा भरत नाहीत. सव्वादोन मीटर घ्या. पहिल्या परकराला एकरंगी, उलट-सुलट सारखंच दिसणारं पॉपलिन घ्या. छापील असेल तर निम्म्या कळ्यांवरची फुलं खाली डोकं वर पाय होतात.

जोडताना एका कळीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला लावायची. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या तर ती शिलाई पुढे ओघळते आणि घेर तिथेच लोंबतो. तिरकी कड सरळ कडेपेक्षा जवळपास अर्धा इंच लांब भरते, हे चुकलेलं माप नव्हे. कमरेकडून कडा जुळवून टाचण्या लावा, तिरकी बाजू खाली दात्यांवर ठेवा म्हणजे ताणलेलं कापड दाते आत ओढून घेतात, आणि जादा भरलेलं खालच्या टोकाला राहू द्या. एका जोडावर वरून ६ इंच टीप मारायची नाही, तिथे नाडीचं तोंड येतं. तोंड संपतं तिथे टीप तीन-चार टाके मागे-पुढे घ्या. परकर नेहमी तिथेच उसवतो.

नेफा लावून परकर रात्रभर टांगून ठेवा. तिरकं कापड जेवढं उतरायचं तेवढं उतरतं. मग जमिनीपासून माप घेऊन खालची कड गोलाईत सारखी करा आणि दुमडा. ही रात्र वाचवलीत तर दुसऱ्या धुण्यानंतर परकर साडीखालून डोकावू लागतो.

इंटरलॉक मशीन घरात नसतं, म्हणून कळ्यांच्या कडा सुटतात. उपाय जुनाच आहे. आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप, कडा थोड्या कातरायच्या, कापड पलटून सुलट्या बाजू आत घ्यायच्या आणि पुन्हा पाव इंचावर टीप. कड आत बंद होते आणि माया तेवढीच, अर्धा इंच, खर्ची पडते.

सरळ कुर्ता

३८ उंचीच्या, पाऊण बाहीच्या कुर्त्याला ४४ पन्ह्याचं अडीच मीटर कापड लागतं, आटणं धरून पावणेतीन. मापाची सूत्रं पुस्तकागणिक बदलतात. त्यापेक्षा अंगाला नीट बसणारा जुना कुर्ता इस्त्री करून मधोमध दुमडा आणि खाकी कागदावर उतरवून घ्या. वर्तमानपत्र नको, शाई पांढऱ्या कापडाला लागते. खांद्याला आणि बाहीच्या जोडाला अर्धा इंच, बाजूला १ इंच, खाली दीड इंच माया वाढवा. छातीला एकूण ४ इंच सैलपणा असू द्या. मे महिन्यात ४२ अंशांत घट्ट सुती कुर्ताही नको होतो, पॉलिस्टरचं तर नावच काढू नका.

गळा चुकतो तो मायेपायी. बाजूला माया बाहेर वाढते, गळ्याला ती भोकाच्या दिशेने असते. तयार गळा मध्यापासून ३ इंच रुंद हवा आणि पाव इंचावर टीप येणार असेल तर कापायचा पावणेतीनवर. तीनवर कापलात की शिवून सव्वातीन होतो, दोन्ही बाजू मिळून अर्धा इंच वाढतो आणि कुर्ता खांद्यावरून घसरतो. खोलीचंही तसंच. समोरचा गळा खांद्याच्या शिलाईपासून ६ इंच हवा तर कापडाच्या वरच्या कडेपासून सव्वासहावर खूण येते: अर्धा इंच खांद्याची माया मिळवली, पाव इंच गळ्याची वजा केली.

गळा कापल्याबरोबर कडेने एक सैल धावदोरा घाला, नाहीतर हाताळतानाच तो ताणला जातो. पट्टी उरेब हवी, म्हणजे ४५ अंशांत कापलेली, सव्वा इंच रुंद. सरळ पट्टी गोलाईवर वळत नाही, गळा उभा राहतो. लावताना गोलाईत पट्टी किंचित ओढून धरा. कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर कातरे मारा, टिपेच्या दोन धागे अलीकडे थांबून.

मुंढ्याबाबत, म्हणजे बाही जोडायच्या काखेभोवतीच्या गोलाईबाबत, एक गोष्ट उलटी वाटते. हात वर केला की काखेत ओढ बसते, म्हणून नवखे मुंढा आणखी खोल कापतात. ओढ वाढते, आणि हात उचलला की अख्खा कुर्ता वर चढतो. खोल मुंढ्याने बाहीचा खालचा जोड काखेपासून दूर जातो आणि हातासोबत सगळी बाजू उचलली जाते. मुंढा वर ठेवून बाहीची रुंदी वाढवायची, हाच इलाज. म्हणून पहिल्यांदा मुंढा जरा कमीच कापा. नंतर खोलवता येतो, कापलेलं भरून काढता येत नाही.

बाही दुहेरी कापडावर, सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून कापा. एकेरी कापल्या तर दोन्ही डाव्या हाताच्या निघायची भीती. पुढची गोलाई मागच्यापेक्षा अर्धा इंच आत, आणि पुढच्या अंगाला एक छोटा कातरा ओळखीसाठी. बाहीचा घुमट (खांद्याकडची वरची गोलाई) मुंढ्यापेक्षा साधारण १ इंच जास्त भरतो. तो कातरून टाकू नका, खांद्याजवळ सैल टाक्यांत सामावून घ्या.

शिवायचा क्रम: खांदे, गळा, बाह्या (बाजू उघड्या असतानाच), मग बाहीच्या टोकापासून कटापर्यंत (कुर्त्याच्या बाजूची उघडी चीर) बाजूची एकच सलग टीप, मग कट, शेवटी खालची दुमड. प्रत्येक टिपेवर पुढची टीप चढण्याआधी इस्त्री फिरवा. घरचा आणि दुकानचा कपडा वेगळा दिसतो तो बराचसा इस्त्रीमुळे.

आईच्या जुन्या साडीचा कुर्ता शिवायची हौस अनेकींना असते. आधी साडी उजेडात धरा आणि बसायच्या जागी येणारा भाग दोन्ही हातांनी ओढून पाहा. विरलेला धागा टिपेवरच फाटतो. तसा भाग वाकळीत जाऊ द्या. पैठणीवर मात्र हात बसेपर्यंत कात्री चालवू नये.

क्लास लावायचा तर एवढंच विचारा: कटिंग वहीत चिकटवायच्या कागदावर शिकवतात की स्वतःच्या मापाच्या कापडावर? नुसतं वहीतलं काम असेल तर तीन महिन्यांनीही कात्री धरताना हात थरथरतो. पुढे यातच काम करायचं मनात असेल तर आयटीआयमध्ये शिवणाचा १ वर्षाचा ट्रेड आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाच्या शिक्षणात वस्त्रशास्त्र शिकवतात.

तुमचा एक कुर्ता बरा झाला की शेजारच्या काकू कापड घेऊन येणारच. पहिल्यांदा परकर आणि साडीचा फॉल एवढंच घ्या. पिकोला वेगळं मशीन लागतं, ते कबूल करू नका. कुर्ता घेतलाच तर बाजूला १ ऐवजी दीड इंच माया ठेवा आणि ती कातरू नका. दोन दिवसांनी "जरा सैल करून दे गं" असा निरोप येतो, तेव्हा बाजूची टीप उसवून अर्धा इंच बाहेर मारली की काम होतं.