जेटमागची थरथरती हवा फोटोत कशी आणायची

जेट इंजिनामागची धग चित्रात दाखवायची असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. गरम झोत स्वतः दिसत नाही. दिसतं ते त्याच्या पलीकडचं दृश्य, वेडंवाकडं होऊन. मी विमानांच्या फोटोंचं रिटचिंग करतो, आणि नव्याने शिकणाऱ्यांच्या कामात सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच. कुणी नोझलमागे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडामागे, पांढुरका पट्टा ओढतं, कुणी नुसता गॉशियन ब्लर (सरसकट धूसर करणारा फिल्टर) मारतं. पट्टा धुरासारखा वाटतो, आणि ब्लरमुळे लेन्सचा फोकस हुकल्यासारखं दिसतं.

हवा तापली की विरळ होते, तिचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची क्षमता) किंचित घटतो आणि प्रकाश वाकतो. झोतात गरम आणि गार हवेचे भोवरे एकमेकांत मिसळत असतात, म्हणून तो जागोजागी वेगवेगळा वाकतो. वाकतो तो काही कोनातून, त्यामुळे झोतापासून पार्श्वभूमी जितकी लांब, तितकी ती जास्त सरकलेली दिसते. झोताला लागून असलेला धावपट्टीचा दिवा जेमतेम हलतो, पण दूरच्या इमारतीची उभी कड चांगलीच नागमोडी होते. कोऱ्या निळ्या आकाशापुढे मात्र जवळजवळ काहीच जाणवत नाही. तिथे परिणाम दिसावा म्हणून जोर लावू नका.

फोटोशॉपमध्ये मी डिस्प्लेस फिल्टर वापरतो, म्हणजे चित्रातले पिक्सेल सरकवणारा फिल्टर. पहिलं काम म्हणजे विमान कापून वेगळ्या लेअरवर ठेवणं आणि त्याच्यामागची जागा पार्श्वभूमीने भरून घेणं. हे टाळलं तर फिल्टर विमानाच्या कडेचे रंगही ओढून आणतो आणि नोझलभोवती घाण दिसते. मग डिस्प्लेसमेंट मॅप, म्हणजे कुठला पिक्सेल किती सरकवायचा ते फिल्टरला सांगणारं चित्र. हा वेगळ्या पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइलमध्ये लागतो. मधला करडा रंग म्हणजे शून्य सरक. त्याहून गडद आणि उजळ भाग पिक्सेलना विरुद्ध दिशांना ढकलतात. लाल चॅनल आडवी सरक ठरवतो, हिरवा उभी. म्हणून दोन्हींत क्लाउड्स फिल्टरने वेगवेगळे ढगाळ पोत भरा. एकाच राखाडी चॅनलचा मॅप दिला तर सगळं एकाच तिरक्या रेषेत सरकतं आणि डोळ्याला ते लगेच कळतं. स्केल १०० टक्के ठेवला तर सरक १२८ पिक्सेलपर्यंत जाते, तेव्हा अगदी लहान आकड्यापासून सुरुवात करा.

भोवऱ्यांचा आकार हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. नोझलजवळ ते बारीक आणि दाट असतात, मागे जाताना मोठे आणि सैल होतात, शेवटी विरतात. एकाच मापाचा पोत सगळीकडे पसरला की चित्र खोटं वाटतं. मी दोन-तीन मापांचे मॅप करतो आणि मऊ कडेच्या मास्कने (लेअरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणाऱ्या आवरणाने) एकमेकांत मिसळतो.

शटरकडेही बघा. १/१००० सेकंदाला भोवरे गोठतात आणि कडा करवतीसारख्या तुटक दिसतात. १/६० ला त्याच कडा पुसट, मऊ होतात. तेव्हा सरकवलेल्या लेअरवर झोताच्या दिशेने थोडा मोशन ब्लर (एका दिशेने पुसणारा फिल्टर) हवा. मूळ फोटो कोणत्या शटरला काढलाय ते फाइलच्या माहितीत पाहून घ्या.

इंजिन कोणतं, यानेही फरक पडतो. प्रवासी विमानाच्या मोठ्या टर्बोफॅनमध्ये (पुढे मोठा पंखा असलेल्या जेट इंजिनात) मधल्या गरम झोताभोवती गार हवेचं जाड वेष्टन असतं, म्हणून थरथर मधोमध आणि सौम्य ठेवा. आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा) लावलेल्या लढाऊ विमानामागे हात सैल सोडायला हरकत नाही. विमानतळाच्या गेटपाशी उभ्या विमानाची मुख्य इंजिनं बंद असतील, तर धग फक्त शेपटीच्या टोकाशी, एपीयूच्या (विमानाला वीज पुरवणाऱ्या छोट्या सहायक इंजिनाच्या) तोंडापाशी येते. तीही एपीयू चालू असेल तरच.

शेवटी नॉइज, म्हणजे फोटोतला बारीक दाणेदारपणा. मोशन ब्लर दिलेल्या भागातला मूळ फोटोचा दाणा पुसला जातो आणि तो तुकडा प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. त्या लेअरवर आजूबाजूच्या दाण्याइतकाच नॉइज घाला आणि २०० टक्के झूम करून मास्कची कड तपासा. मास्क कुठे संपतो ते तुम्हालाच सापडलं, तर तो अजून मऊ करायला हवा.